परमुलखात भेटलेला आप्त : माळव्याचा बाफला

स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषयावर लेख लिहावा, असे ठरवून बसलो, तेव्हा प्रथम मनात आले ते मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हेच नेहमीचे विषय. परंतु त्यांपैकी कोणत्याही विषयाचा विचार करू लागलो, की तो शेवटी एका ताटापाशी येऊन थांबे. ते ताट माझ्या जन्मभूमीचे नव्हे. जिथे मी आयुष्यभर व्यवसाय केला, त्या बेटम्याचे. त्या ताटात एक तुपाने निथळणारा, तांबूस सालीचा गोळा असतो. त्याचे नाव बाफला. या पदार्थाची ओळख मला उशिरा झाली, आणि ती होण्यापूर्वी माझ्या हातून एक चूकही घडली. ती चूक आणि तो पदार्थ, दोन्ही येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

बेटमा हे इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरवर असलेले, देपालपूर तहसिलीतील गाव. एका बाजूला होळकरांचे इंदूर, दुसऱ्या बाजूला पवारांचे धार. मधल्या काळ्या जमिनीत गहू, सोयाबीन, बटाटा आणि लसूण. मी मूळचा कोकणचा. १९८४ साली येथे दवाखाना थाटला, तेव्हा मी आणि हे गाव यांच्यात काही नाते असेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पुढे एकदा वाचनात आले, की राजा भोजाचा विक्रम संवत् १०७६ चा, म्हणजे इ. स. १०२० चा एक ताम्रपट याच बेटम्याच्या नावाने इतिहासात ओळखला जातो, आणि त्यातील भूमिदान भोजाने कोकण घेतल्याच्या विजयोत्सवानिमित्त दिलेले आहे. हजार वर्षांपूर्वी बेटम्याच्या ताम्रपटावर कोकणचे नाव कोरले गेले होते. मला मात्र येथे परके वाटत होते, आणि त्याचे कारण बरेचसे माझे जेवण हेच होते.

नाकारलेली पंगत

माळव्यात कोणत्याही शुभकार्याला, नवस फेडायला, पाऊस चांगला झाला म्हणून, किंवा नुसते सवड मिळाली म्हणूनही दाल-बाफल्याची पंगत घालतात. गावात नवीन डॉक्टर आला, म्हणून मलाही आमंत्रणे येऊ लागली. मी दर वेळी काहीतरी सबब सांगे. खरे कारण दुहेरी होते. भात-आमटीवर वाढलेल्या माणसाला गव्हाचे ते जड गोळे नकोसे वाटत. आणि डॉक्टर म्हणून तुपात बुडविलेल्या अन्नाविषयी मनात एक प्रकारची तुच्छता होती. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मधुमेही रुग्णाला मी एकच वाक्य ऐकवी, "बाफले बंद."

सत्तरीच्या घरातील एक शेतकरी माझ्याकडे नियमित येत. साखर बऱ्यापैकी आटोक्यात असे. एके दिवशी दुपारी तीनच्या सुमारास त्यांना बैलगाडीतून आणले ते बेशुद्धावस्थेत. अंग घामाने भिजलेले, नाडी जलद. रक्तातील साखर अत्यंत कमी झाली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते काही मिनिटांतच डोळे उघडून बोलू लागले. पुढील चौकशीत उलगडा झाला. नातवाच्या जावळाची पंगत होती. बाफले खायचे, तर सकाळपासून काही खायचे नाही, म्हणजे हिशेब बरोबर होईल, असा त्यांनी मनाशी विचार केला होता. गोळी मात्र रोजच्यासारखी सकाळीच घेतली. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावणारी, दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी होती. पंगत बसायला दुपारचे तीन वाजले. पहिला बाफला पानात पडण्यापूर्वीच ते पाटावरून कलंडले.

मी रागाने विचारले, "मला आधी सांगितले का नाही?" ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाब, तुम्हाला सांगितले असते, तर तुम्ही नको म्हणाला असता. नातवाच्या पंगतीला आजा कसा बसणार नाही? आणि तुम्ही तर बाफले कधी खाल्लेच नाहीत."

त्या वाक्याने मला माझी चूक दाखविली. गोळी मी बरोबर दिली होती, पथ्यही पुस्तकाप्रमाणे सांगितले होते. परंतु ज्या अन्नाविषयी मला काहीच ठाऊक नव्हते, त्याविषयी मी हुकूम सोडला होता. परिणामी रुग्णाने अन्न सोडले नाही, मला सांगणे सोडले. त्यानंतरच्या पहिल्याच आमंत्रणाला मी सपत्नीक गेलो.

अहो, ही तर आमची बट्टी!

माझ्या पत्नीचे माहेर जळगाव जिल्ह्यातले. पानात बाफला पडला, तिने तो फोडला, एक घास घेतला आणि हळूच म्हणाली, "अहो, ही तर आमची बट्टी!" खानदेशात वरण-बट्टी हे पाहुणचाराचे आणि पंगतीचे जेवण. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे वा वळकट्या करून आधी उकडायच्या, मग त्यांचे तुकडे करून तुपात किंवा तेलात तळायचे, आणि वरण व वांग्याच्या घोटलेल्या भाजीबरोबर खायचे, ही तिकडची पद्धत. विदर्भात याच घराण्यातले रोडगे आणि पानगे आहेत. तेथे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात आणि वांग्याच्या भाजीबरोबर देवळाच्या आवारात पंगती उठतात. राजस्थानातील बाटी आणि बिहारमधील लिट्टी ही त्याच कुळातील आणखी दोन भावंडे. म्हणजे ज्याला मी परमुलखातील अन्न समजत होतो, ते सातपुड्याच्या दोन्ही अंगांना नांदणारे, महाराष्ट्राचे सख्खे आप्त निघाले. परका होतो तो मी, आणि तोही माझ्याच महाराष्ट्राच्या निम्म्या भागाला.

मराठी माणसे अठराव्या शतकात माळव्यात आली, राहिली, येथलीच झाली. इंदूरच्या पोह्यांचा उगम मराठी घरांत आहे, असे येथे सर्रास सांगितले जाते. मात्र त्या पोह्यांत बडीशेप पडली, वर शेव आणि जिरावन आले, सोबतीला जिलबी बसली, आणि ते पूर्ण इंदुरी झाले. अन्नाची देवघेव ही अशीच दोन्ही हातांनी होते. आपण काय दिले, हे आपल्याला पाठ असते. काय घेतले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

बाफला कसा होतो

बाफल्याचे पीठ पोळीच्या पिठासारखे बारीक चालत नाही. ते रवाळ, जाडसर दळलेले हवे. काही घरांत त्यात थोडे मक्याचे पीठ घालतात. मीठ, ओवा, किंचित हळद आणि तुपाचे भरपूर मोहन घालून पीठ घट्ट मळतात. कोणी थोडे दही किंवा चिमूटभर सोडाही घालतात. मग मुठीत मावतील एवढे गोळे करून ते उकळत्या पाण्यात सोडतात. पंधरा-वीस मिनिटांत गोळे तळाहून वर येऊन तरंगू लागतात. ते बाहेर काढून निथळून, वाऱ्यावर कोरडे करतात आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत किंवा गरम राखेत भाजतात. साल तांबूस झाली, मध्ये भेग पडली, की राख झटकून, हाताने किंचित दाबून तो तुपात बुडवितात. सोबत तुरीची डाळ, कढी, लसूण-कोथिंबिरीची चटणी, एखादी भाजी आणि शेवटी चुरम्याचा लाडू. गोड पदार्थही त्याच भाजलेल्या गोळ्यांचा चुरा करून, तूप-साखर घालून वळतात, हे विशेष.

बाफला आणि बाटी यांत फरक तो एवढाच: बाटी थेट आचेवर जाते, बाफला आधी पाण्यातून जातो. 'बाफ' म्हणजे वाफ. संस्कृत 'बाष्प' शब्दाचेच हे रूप. बाफला म्हणजे बाफवलेली बाटी. पदार्थाचे नाव म्हणजे त्याची कृतीच आहे.

पाण्यातून आचेकडे : यामागील शास्त्र

ही दोन टप्प्यांची रीत म्हणजे नुसती परंपरा नव्हे, तिच्यामागे पक्के कारण आहे. गव्हातील पिष्टकण पाण्यात तापविले, की सुमारे ६० अंश सेल्सियसच्या आसपास पाणी शोषून फुगतात व लगदा होऊ लागतात. त्याहून थोड्या अधिक तापमानाला ग्लूटेन हे प्रथिन घट्ट होऊन जाळे धरते. गोळा उकळत्या पाण्यात पडताच त्याच्या पृष्ठभागावर या दोन्ही क्रिया झपाट्याने होतात आणि एक चिवट पापुद्रा तयार होतो. त्यामुळे गोळा पाण्यात विरघळत नाही. आतील हवा तापून प्रसरण पावते, गोळा पाण्याहून हलका होतो व वर येतो. तरंगणारा बाफला, म्हणजे आतपर्यंत उष्णता पोहोचल्याची खूण. त्यासाठी आमच्या येथील गृहिणीला तापमापकाची गरज पडत नाही.

यानंतर निखाऱ्याचे काम फार थोडे उरते. आतला भाग आधीच शिजलेला व ओलसर असल्यामुळे आचेने केवळ साल खरपूस करावयाची असते. म्हणून बाटी बाहेरून जाड व कडक होते, तर बाफला बाहेरून पातळ कुरकुरीत आणि आत मऊ राहतो. दात नसलेल्या आज्यालाही तो खाता येतो. हीच युक्ती जगाच्या दुसऱ्या टोकालाही सापडली आहे. पोलंडमधील ज्यू समाजातून पुढे अमेरिकेत गेलेला 'बेगल' हा कड्यासारखा पाव आधी उकळत्या पाण्यातून काढून मगच भट्टीत घालतात. परस्परांची कधी गाठ न पडलेल्या लोकांनी एकाच अडचणीला एकच उत्तर शोधले.

गव्हाचेही येथे महत्त्व आहे. माळव्याची कीर्ती कठीण दाण्याच्या गव्हाबद्दल आहे, ज्याला शास्त्रात ड्युरम म्हणतात. आपल्या पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, ड्युरममध्ये २८. महाराष्ट्रातील बन्सी गहू ड्युरमच्याच जातीचा, आणि खपलीही २८ गुणसूत्रांचीच. ड्युरमचा दाणा काचेसारखा कठीण, पिवळसर झाक असलेला. दळला, तर त्याचा रवा सहज पडतो. बाफल्याला हवे असते तेच. इंदूर येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या क्षेत्रीय केंद्राने 'मालवशक्ती', 'पोषण', 'पूसा तेजस' यांसारखे ड्युरमचे वाण विकसित केले, हे आपल्या परिसरास भूषणावह आहे. डाळ आणि गहू यांची जोडीही पोषणदृष्ट्या उचित. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, ते गव्हातून मिळते. दोघे मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात.

तांबूस साल आणि रक्ताची तपासणी

डॉक्टर वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बाफल्याची साल तांबूस होते, तिला तो खमंग वास येतो, याचे मुख्य कारण म्हणजे साखर आणि प्रथिने यांची उष्णतेत घडणारी अभिक्रिया. १९१२ साली लुई कामिल मेयार या फ्रेंच संशोधकाने तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. मेयार स्वतः वैद्यक शिकलेला होता. साखरेचा रेणू प्रथिनातील अमिनो गटाला कोणत्याही विकराच्या मदतीवाचून चिकटतो, पुढे त्याची रचना बदलते, आणि उच्च तापमानाला त्यातून रंग व सुवास देणारी असंख्य द्रव्ये निर्माण होतात.

हीच अभिक्रिया आपल्या शरीरातही, ३७ अंशांवर, अतिशय मंद गतीने चालू असते. रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला याच रीतीने चिकटते. तेहरान येथे सॅम्युएल राहबर यांना १९६८ मध्ये मधुमेही रुग्णांच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन आढळले, आणि त्या शोधातून पुढे एचबीए१सी ही तपासणी रूढ झाली. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी हिशेब सांगते. निखाऱ्यावर काही मिनिटांत बाफल्याच्या सालीवर जे घडते, त्याचीच पहिली पायरी मधुमेही माणसाच्या रक्तात महिनोन्‌महिने चढली जात असते. माझ्या रुग्णांना 'एचबीए१सी' समजत नसे. "तुमच्या रक्तावर साखरेची साल किती चढली, ते या तपासणीत कळते," असे बाफल्याचे उदाहरण देऊन सांगितले, की एकदम समजे. त्यांच्या अन्नाची ओळख झाली नसती, तर हे उदाहरण मला सुचलेच नसते.

हिशेब आणि पथ्य

आता हिशेबाकडे येऊ. एका मोठ्या बाफल्यात ६० ग्रॅम पीठ धरले, तर त्यातून सुमारे २०० किलोकॅलरी मिळतात. त्याने २० ग्रॅम तूप प्यायले असेल, तर आणखी १८० मिळतात. म्हणजे एक बाफला सुमारे ३८० आणि चार बाफले दीड हजाराहून अधिक; लाडू व डाळीवरचे तूप वेगळेच. दिवसभर नांगर धरणाऱ्या माणसासाठी हे अन्न रचलेले आहे. आज तोच माणूस ट्रॅक्टरवर बसतो, त्याचा मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात खुर्चीवर बसतो, आणि बाफल्यांची संख्या मात्र आजोबांचीच राहते. दोष बाफल्याचा नाही, बदललेल्या श्रमाचा आहे.

दुसरी बाब तुपाची. स्निग्ध पदार्थांमुळे जठर सावकाश रिकामे होते. म्हणून पंगतीनंतर दोन तासांनी साखर तपासली, तर ती फसवी चांगली दिसू शकते आणि तीन ते पाच तासांनी वर जाते. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. माझ्या अनुभवाअंती मी रुग्णांना जे सांगू लागलो, ते असे:

पंगतीसाठी सकाळपासून उपाशी राहू नये. न्याहारी थोडी, पण अवश्य घ्यावी. पंगतीची वेळ आधी सांगावी, म्हणजे गोळी किंवा इन्सुलिनची वेळ ठरविता येते. स्वतःच्या मनाने औषध सोडू अथवा वाढवू नये. प्रथम भाजी आणि वाटीभर डाळ घ्यावी, मग बाफला. बाफला लहान, ४० ग्रॅम पिठाचा करून घ्यावा, दोन पुरेत. तो तुपात बुडविण्याऐवजी वरून चमचाभर तूप घ्यावे. असे दोन बाफले साडेतीनशे-पावणेचारशे किलोकॅलरींत बसतात. लाडू घासापुरता घ्यावा. जेवणानंतर लवंडू नये. शेताच्या बांधापर्यंत चालून यावे. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असलेल्यांनी मीठ व तूप यांबाबत आपल्या डॉक्टरांस स्वतंत्रपणे विचारावे. ज्यांना सीलिॲक विकार आहे, त्यांना मात्र कोणताही गहू वर्ज्य. ड्युरम, बन्सी आणि खपली यांतही ग्लूटेन असतेच.

एक सूचना घरातील पुरुषमंडळींसाठी. गोवऱ्यांचा धूर बंद स्वयंपाकघरात कोंडला, तर तो करणाऱ्या बाईच्या फुप्फुसांत जातो. बाफले उघड्यावर भाजावेत आणि निखाऱ्यापाशी आळीपाळीने बसावे. पंगतीचा आनंद सर्वांचा असेल, तर धूरही एकीच्याच वाट्याला येऊ नये.

शेवटी

ते शेतकरी आजोबा त्यानंतर अकरा वर्षे माझ्याकडे येत राहिले. प्रत्येक पंगतीच्या आधी दवाखान्यात डोकावून वेळ सांगत, आणि दुसऱ्या दिवशी किती बाफले खाल्ले, ते प्रामाणिकपणे कबूल करीत. कधी दोन, कधी "तीन झाले, डॉक्टरसाब." मला तिसऱ्याचा राग येत नसे. जो रुग्ण तिसरा बाफला कबूल करतो, त्याच्यावर उपचार करता येतात. जो पहिलाच लपवितो, त्याच्यावर करता येत नाहीत.

आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात आहोत. गणेशोत्सव, नाटके, दिवाळीचा फराळ हे सारे आपण जिव्हाळ्याने जपले, आणि ते जपलेच पाहिजे. परंतु ज्या भूमीचे पाणी पितो, तिचे अन्न ओळखणे हेही डॉक्टरांच्या आणि शेजाऱ्यांच्या कर्तव्यात मोडते. आमच्या घरी आता श्रावणातल्या एका रविवारी बाफले होतात. पत्नी त्यातले निम्मे निखाऱ्यावर भाजते आणि निम्मे कापून खानदेशी रीतीने तळते. त्याच पीठाचे दोन पदार्थ एका ताटात येतात, आणि आमची नातवंडे त्यांत फरक करीत नाहीत. त्या दिवशी भाताचा कुकर मात्र मी हट्टाने लावून घेतो. कोकणी माणसाचे तेवढे पथ्य अद्याप सुटलेले नाही.